अंबरनाथच्या भिंतीवरचे अद्भुत

इटलीत बोमार्झो इथे व्हिचिनो ओर्सिनी या सरदाराने सोळाव्या शतकात राक्षसांची बाग वसवली. पाठीवर बुरूज घेतलेला हत्ती, सिंहांशी झुंजणारा ड्रॅगन, आणि माणसाला आत जाता येईल एवढा जबडा वासलेले तोंड. असे अद्भुत पाहायला ठाणे-डोंबिवलीच्या माणसाला खरे तर कर्जतची लोकल पुरते. कल्याणच्या पुढे अंबरनाथला, वालधुनी नदीच्या काठी, शिलाहार राजांचे शिवमंदिर उभे आहे. त्यातला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा; बोमार्झोच्या जवळपास पाचशे वर्षे आधीचा. आपण मात्र पायऱ्या उतरून गाभाऱ्यातल्या पिंडीचे दर्शन घेतो आणि परततो. बाहेरची भिंत ही सजावट समजली जाते. माझ्या मते मंदिराचे निम्मे म्हणणे तिथेच आहे.

जोत्याजवळची कीर्तिमुखांची ओळ पाहा. बटबटीत डोळे, वर आलेले सुळे, आणि खालचा जबडाच नाही. जालंधर या असुराचा दूत राहू उद्धटपणे पार्वतीला मागायला आला, तेव्हा शिवाच्या क्रोधातून एक भुकेला जीव जन्मला. राहूला अभय मिळाल्यावर शिवाच्याच आज्ञेने त्या जिवाने स्वतःला खाल्ले. उरले ते तोंड, आणि शिवाने त्याला दाराशी मानाची जागा दिली. ओर्सिनीचे राक्षस सुटेसुटे उभे आहेत, एका धनवंताच्या मनातून आलेले. इथली भूक, हत्तींचे बळ, व्याल या काल्पनिक पशूंचा आवेश थरांत बसवलेला आहे, आणि त्या थरांवरच देवदेवता उभ्या आहेत. विक्राळाला हाकलून न देता कामाला लावणारी ही मांडणी मला अधिक खोल वाटते.

कुणी म्हणेल, हे जागते देवस्थान आहे. भक्ताने दर्शन घ्यावे की शिल्पे न्याहाळावीत? पण प्रदक्षिणा हा पूजेचाच भाग, आणि ही भिंत चालत्या डोळ्यांसाठी कोरलेली आहे: कोनाकोनाने मोडत जाणारी, पावलागणिक नवी आकृती पुढे करणारी. दुसरा आक्षेप झिजेचा. चेहरे पुसट झालेत, हे खरेच आहे. तरी व्याल ओळखू येतो तो चेहऱ्यावरून नव्हे, उसळलेल्या अंगावरून. आणि काळ्या बेसॉल्टमध्ये ती उसळी अजून शाबूत आहे. १८६८ साली मुंबईच्या कलाशाळेच्या टेरी यांच्या देखरेखीखाली या शिल्पांचे साचे आणि चित्रे घेतली गेली. आज कल्याण-डोंबिवलीतल्या चित्रकलेच्या शिक्षकांनी मुलांना वह्या देऊन याच भिंतीपुढे बसवावे. महाशिवरात्रीच्या गर्दीत नको, एखाद्या साध्या मंगळवारी, सकाळच्या तिरप्या उन्हात, जेव्हा कोरीव रेषा सर्वांत खोल दिसतात.