फाडलेली चिठ्ठी

मागच्या शनिवारी घरी गेलो होतो, वर्ध्याला. दारातच आजी म्हणाली, "काऊन रे, असा काऊन दिसून राहिला?" म्हटलं, काही नाही, प्रवासाचा शीण. थाप होती.

खरं ते असं. आठ महिन्यांपूर्वी एका रिलीजच्या रात्री मी कोणालाही न दाखवता एक छोटासा बदल थेट प्रॉडक्शनवर टाकला. सकाळी डेटाचे बारा वाजलेले! कॉलवर मॅनेजरने विचारलं तेव्हा मी तसा खोटं बोललो नाही. फक्त म्हणालो, "त्याच रात्री त्याची स्क्रिप्टही चालली होती." 'तो' म्हणजे टीममधला सगळ्यांत नवा मुलगा. आठवड्याभरात त्याला प्रोजेक्टवरून काढलं. माझं अप्रेझल झकास झालं.

असो. रविवारी चर्चमधली उपासना आटपून सेवाग्रामला गेलो. बापू कुटी शाळेच्या सहलीत कितीदा तरी पाहिलेली, पण या वेळी डोक्यात एक चित्र होतं. 1942 च्या जूनमध्ये लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार तिथे आठवडाभर राहिला होता. त्याने लिहून ठेवलंय की गांधीजींच्या मातीच्या भिंतीवर शोभेची अशी एकच गोष्ट होती, येशू ख्रिस्ताचं कृष्णधवल चित्र. त्यावर शब्द होते, तोच आपली शांती आहे अशा अर्थाचे. पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्रातले. गांधीजी काही ख्रिस्ती नव्हते. तरी ओसरीवर बसल्या बसल्या मला त्यांची ती चिठ्ठी आठवली.

पंधराएक वर्षांचे असताना भावाचं पंचवीसेक रुपयांचं कर्ज फेडायला त्यांनी त्याच्याच कड्यातलं थोडं सोनं चोरलं होतं. मग चिठ्ठीत सगळं लिहून, शिक्षाही मागून, ती अंथरुणाला खिळलेल्या वडिलांच्या हातात दिली. वडिलांनी वाचली, डोळ्यांतून पाणी आलं, कागद भिजला. मग त्यांनी ती फाडून टाकली. एक शब्द बोलले नाहीत.

आमच्याकडे गुड फ्रायडेच्या आठवड्यात पेत्र आणि यहूदा यांच्यावर प्रवचन ठरलेलं. दोघंही एकाच रात्री घसरले. मला नेहमी वाटायचं, पेत्राला पश्चात्ताप झाला, यहूदाला नाही. पण मत्तयाचं शुभवर्तमान नीट वाचा. यहूदालाही झाला की! मी पाप केलं म्हणाला, तीस नाणीसुद्धा परत केली. पण गेला कोणाकडे? ज्यांनी पैसे मोजले होते त्यांच्याकडे. ते म्हणाले, आम्हाला काय त्याचं, तुझं तू बघ. पेत्राने काहीच परत केलं नाही. नुसता रडला, आणि बाकीच्यांबरोबर राहिला.

माझे आठ महिने यहूदाच्या वाटेवर गेले होते. नव्या पोरांना उशिरापर्यंत थांबून शिकवत होतो, त्यांचे बग स्वतः निस्तरत होतो. नाणी परत करणं चाललं होतं, दुसरं काय. हिशेब काही जुळत नव्हता. त्या ओसरीवर पहिल्यांदा हिशेब सोडला आणि नुसतं म्हटलं, प्रभू, हे मी केलं. मग रडू आलं. बाजूच्या सहलीतली पोरं बघत होती, बघोत. केलेलं काही लहान झालं नव्हतं, उलट जास्तच स्पष्ट दिसत होतं. पण चिठ्ठी वाचणारा चिडलेला नाही, तोही रडतोय, असं वाटलं. त्या रडण्यातच इतकं बरं वाटलं की मी बराच वेळ उठलोच नाही.

रात्री आजीला सगळं सांगितलं. तिने चष्मा लावून एक्कावन्नावं स्तोत्र वाचलं, दावीदाचं. पुस्तक मिटून म्हणाली, "देवाले सांगितलं, बरं केलं. त्या पोराले सांगितलं का?"

"नाही."

"मंग?"

मेल लिहायला गुरुवार उजाडला. चार ओळी, मॅनेजर सीसीमध्ये. त्या मुलाचं उत्तर अजून आलेलं नाही. मॅनेजरचं आलंय, सोमवारी अकरा वाजता भेटायला बोलावलंय.