बेटम्याचा वारा आणि दोऱ्याचा गुंता

इंदूरहून धारकडे जाणाऱ्या रस्त्याने पंचवीस-तीस किलोमीटर गेले की बेटमा लागते. आपल्या मंडळींपैकी बहुतेकांनी हे गाव मोटारीच्या खिडकीतूनच पाहिलेले असते. धार, मांडवगड किंवा अहमदाबाद गाठण्याच्या घाईत येथे सहसा कोणी उतरत नाही. वस्तुतः उतरण्यास कारणे आहेत. गुरू नानकदेवांच्या आगमनाची परंपरा सांगणारा बेटमा साहिब गुरुद्वारा येथे आहे. परमार राजा भोजाचा विक्रम संवत १०७६ चा, म्हणजे इसवी सन १०२० चा ताम्रपट याच गावी मिळाला. त्यात नोंदलेले दान भोजाने दिले ते कोकण घेतल्याच्या विजयोत्सवानिमित्त! कोकणातून निघून माळव्यात रुजलेल्या आपल्या घराण्यांना, आपल्या पूर्वजांच्या कितीतरी आधी माळव्याचा राजाच कोकणात जाऊन आला होता, हे वाचून मौज वाटावी. असो. गेल्या संक्रांतीस आम्ही बेटम्याला उतरलो ते ताम्रपटासाठी नव्हे, पतंगांसाठी. आणि बरोबर शाळेतील आठवी-नववीची अकरा मुले होती.

माळव्यातील संक्रांत म्हणजे तीळगूळ, गिल्लीदांडू आणि पतंग. घरात हळदीकुंकवाची धांदल चालू असता पुरुषमंडळी व मुले गच्चीवर, ही आपल्या इंदुरातील वाड्यांची जुनी रीत. परंतु गच्चीवरील वारा शेजारच्या इमारतींवर आदळून घोटाळत येतो. मोकळा, एकसंध वारा हवा असेल तर गावाबाहेरचा माळ गाठावा लागतो. बेटम्यापलीकडे तसा एक पडीक तुकडा आहे. भोवताली काळ्या मातीत गहू-हरभरा उभा होता आणि उभ्या पिकात पाऊल टाकावयाचे नाही, अशी मुलांना सक्त ताकीद होती. सकाळी वारा नव्हताच. साडेदहाच्या सुमारास उत्तरेकडून बरी झुळूक धरू लागली आणि पतंग वर चढले.

आणि अर्ध्या तासात पहिला गुंता पडला. एका मुलाने कलता पतंग सावरण्यासाठी भराभर दोर खेचला, तो पायाशी ढिगाने साचला. दुसरा मुलगा त्यावरून चालत गेला. मग दोघेही दोन्हीकडून ओढू लागले. शेजारच्या बांधावर गावातील एक वयोवृद्ध गृहस्थ नातवाची फिरकी धरून उभे होते. "माट्साब, छोरां ने को, खेंचो मती," असे म्हणत ते जवळ आले व मातीतच मांडी घालून बसले. पुढची पंचवीस मिनिटे त्यांनी जे केले ते आमच्या मते सबंध सहलीतील सर्वोत्तम शिक्षण होते.

प्रथम त्यांनी काही केलेच नाही. ते गुंत्याकडे नुसते पाहत राहिले. नंतर दोन्ही बाजूंचा दोरा हातभर सैल करविला. मग चिमटीने गुंत्याचे बाहेरचे फास एकेक करून अलगद मोठे करीत गेले. गुंता लहान करण्याऐवजी ते तो मोठा करीत होते, हे मुलांना प्रथम विचित्र वाटले. फास रुंदावत गेला की आतील आवळलेला भाग आपोआप ढिला होई आणि एखादा पदर सुटा होऊन बाहेर येई. घाईच्या एका मुलाने दोर कापून गाठ मारण्याची सूचना केली, ती त्यांनी हातानेच उडवून लावली. दुसऱ्याने फिरकी गुंत्यातून ओवून काढू का, असे विचारले. तेव्हा मात्र ते गंभीर झाले. फिरकी ओवू नकोस, ओवलीस तर खरी गाठ पडेल, असे त्यांनी बजावले.

या बोलण्यात केवळ अनुभव नाही, गणितही आहे. दोऱ्याचे एक टोक पतंगाला व दुसरे फिरकीला बांधलेले असेल आणि त्यांपैकी काहीच फासातून आरपार गेले नसेल, तर दोऱ्यात खरी गाठ पडूच शकत नाही. दिसावयास तो गुंता कितीही भयंकर दिसो, तो टोके न सोडविता उलगडलाच पाहिजे. गाठ जन्माला येते ती टोक ओवण्याने, आणि घट्ट बसते ती ओढण्याने.

गुंता पडूच नये यासाठीही त्यांच्यापाशी युक्त्या होत्या. फिरकी हातात फिरू देऊन दोर सोडला तर त्यास पीळ चढत नाही. परंतु फिरकी स्थिर धरून तिच्या टोकावरून दोर उपसला तर प्रत्येक वेढ्यामागे एक पीळ चढतो, आणि असा पीळदार दोर सैल पडताच स्वतःभोवती वळून कान पाडतो. फिरकी नसेल तर अंगठा व करंगळी यांवर आठाच्या आकड्यासारखी लडी करावी. एका अर्ध्या वेढ्याचा पीळ दुसरा अर्धा वेढा काढून टाकतो. जमिनीवर साचलेला दोर उचलताना शेवटी पडलेला पदर आधी उचलावा. येवल्याच्या संक्रांतीस ज्यांनी आसारीवर दोरा भरताना पाहिला असेल त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. तेथे उडविणाऱ्याइतकाच आसारी धरणाराही मोलाचा असतो.

परदेशात माणसाला ओढून नेणारे मोठे पतंग उडवितात. त्यांना ‘पॉवर काइट’ म्हणतात व त्यांना दोन किंवा चार दोऱ्या असतात. त्यांचेही नियम याच जातीचे. मुठी जमिनीत खुंटीला अडकवावयाच्या, वाऱ्याच्या दिशेने दोऱ्या सरळ पसरावयाच्या, मुठीपासून पतंगापर्यंत चालत जाऊन त्या एकमेकींपासून बोटांनी अलग करावयाच्या; गुंता झालाच तर टोके सोडावयाची नाहीत. या विद्येचा एक आद्य पुरुष आमच्याच व्यवसायातला, याचा आम्हांस किंचित अभिमान वाटतो. ब्रिस्टलचा शाळामास्तर जॉर्ज पोकॉक याने १८२६ साली पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले. गाडीला घोडाच नसल्यामुळे घोड्यांच्या हिशेबाने जकात घेणारे नाकेदार हतबुद्ध होत, असे सांगतात. पतंगाला खुर्ची टांगून त्याने आपल्या मुलीस आकाशात चढविले होते. हीच मार्था पुढे क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस यांची आई झाली. सी. के. नायडूंच्या इंदुरात हे सांगितल्यावर मुलांचे कान टवकारले नसते तरच नवल.

दुपारी मात्र रंगाचा बेरंग झाला. रस्त्याकडेच्या बाभळीवर एक बगळा उलटा लोंबताना मुलींना दिसला. पंखाभोवती नायलॉनचा दोरा होता, ज्याला बाजारात ‘चायनीज मांजा’ म्हणतात. वृद्धांनी बगळ्याच्या डोक्यावर आपला गमछा टाकून त्यास शांत केले आणि येथे मात्र उलगडण्याचा विचारही न करता कात्री मागितली. पंख वाचला, उडण्याजोगा होता की नाही हे पाहण्यासाठी त्यास सावलीत ठेवले, तासाभराने तो आपण होऊन ओढ्याकडे गेला. सुती दोरा पावसात कुजतो व जोराने तुटतो. नायलॉन तुटत नाही, कुजत नाही, आणि वळणाची आठवण धरून ठेवीत असल्यामुळे सोडवू जाता पुन्हा वेटाळतो. म्हणूनच तो कोणी सोडवीत बसत नाही, कापून फेकतात. अशा फेकलेल्या दोऱ्याने मोटारसायकलस्वारांचे गळे चिरले गेले आहेत, माणसे दगावली आहेत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉनच्या व कृत्रिम मांज्यावर देशभर बंदी घातली. तरी दरवर्षी तो मिळतो, आणि घेणारे आपल्याच घरांतले असतात. आमच्या अकरांपैकी दोघांच्या पिशवीत त्याची रिळे निघाली. आईवडिलांनी मुलांच्या हाती पैसे देताना रीळ कोणते आणणार, एवढे विचारावे.

ती रिळे आम्ही ताब्यात घेतली आणि पतंग आवरून मुलांना रस्त्याकडेच्या झाडांवरचा व कुंपणांवरचा दोरा गोळा करावयास लावले. विजेच्या तारांखाली कोणासही जाऊ दिले नाही. तासाभरात पाटी भरली. वृद्धांनी कात्री मागून घेतली आणि नातवाला शेजारी बसवून बोट-बोटभर तुकडे करावयास घेतले. कचऱ्यात टाकावयाचे तरी अखंड टाकावयाचे नाही, कारण कचऱ्यावरही कावळे व गाई येतात. आमची मुले त्यांच्याभोवती बसली. रिळे आणलेल्या दोघांनी कात्र्यांची दुसरी जोडी कोठून तरी मिळविली होती.