आमच्या गाडींतला आरसा

आमच्या घरांत आरशावरून तंटा होतो असें सांगितलें, तर वाचकांच्या डोळ्यांपुढें लग्नाला निघालेलें एखादें कुटुंब उभें राहील. पण हा आरसा दिवाणखान्यांतला नव्हे. आमच्या मोटारीच्या पुढच्या कांचेवर, वरच्या बाजूस मधोमध टांगलेला, मागचा रस्ता दाखविणारा जो वीतभर लांबीचा आरसा असतो, तो हा. आमची उंची सहा फूट एक इंच. सौभाग्यवतींची पांच फुटांहून किंचित् अधिक. गाडी एक आणि चालविणारीं माणसें दोन. त्या गाडी घेऊन गेल्या कीं आरसा आपल्या दृष्टीला जुळेसा खालीं ओढीत; आम्ही बसलों कीं तो आपल्या सोयीनें फिरवीत असूं. मग दुसऱ्या दिवशीं, “आरशाला हात लावूं नका म्हणून कितीदां सांगायचं?” हा प्रश्न आठवड्याच्या बाजाराइतका ठरलेला असे.

खरें सांगावयाचें तर आमच्या या खटाटोपांत मागच्या रस्त्याचा भाग थोडाच होता. मागच्या बैठकीवर आमचीं दोन मुलें बसतात. कोण झोपलें, कोण कोणाला चिमटे काढतें, पट्टा कोणी सोडला, हें चालतां चालतां दिसावें म्हणून आम्ही आरसा थोडा खालीं वळवून ठेवीत असूं. त्याच्या दांड्याला मुलीनें सावंतवाडीहून आणलेला, लाखेनें रंगविलेला चिमुकला लाकडी आंबा टांगला होता. हा सारा संसार बरोबर आमच्या डोळ्यांच्या उंचीवर, नाकासमोरून जरा डावीकडे येई. त्याच्या आड रस्त्याचा एक तुकडा जातो हें आम्हांस कळत नव्हतें, असें मात्र नाहीं. कळत होतें, पण चष्मा लावणाऱ्यास चष्म्याच्या कडा जशा कांहीं दिवसांनीं दिसेनाशा होतात, तसें आमचें झालें होतें.

२०२३ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत आम्ही सहकुटुंब वाईहून पांचगणीस निघालों होतों. सकाळचे सात वाजले असतील. पसरणीचा घाट आमच्या नेहमींच्या माहितीचा. गाडीचा वेगही फार नव्हता, ताशीं पंचवीस किलोमीटरच्या आसपास. डाव्या हाताचें एक वळण आलें. चढावरच्या डाव्या वळणाची गंमत अशी कीं, पुढचा रस्ता गाडीवानाला समोर दिसत नाहीं. तो डावीकडे आणि वरच्या अंगाला दिसतो. नेमका तेथेंच आमचा आरसा होता. आम्हांस रस्ता मोकळा वाटला. आणि आरशाच्या उजव्या कडेखालून एकाएकीं सायकलीचें पुढचें चाक बाहेर आलें.

ब्रेक कोणी दाबला हें आम्हांस अजून नीट आठवत नाहीं. पायानेंच तो दाबला असावा. गाडी थांबली तेव्हां ती आणि दुधाच्या दोन किटल्या अडकविलेली ती सायकल यांच्यामध्यें दोन हातांचें अंतर होतें. सायकल हातीं धरून रस्ता ओलांडणारा पोरगा बारा-तेरा वर्षांचा असेल. किटलीच्या झांकणाखालून थोडें दूध हिंदकळून रस्त्यावर सांडलें होतें, आणि तो आमच्याकडे न पाहतां त्या दुधाकडेच पाहत होता.

आम्ही खालीं उतरलों. लागलें नाहीं ना, असें विचारलें. त्यानें मान हलविली. मग जरा रागानें, कारण भ्यालेल्या माणसाला राग लवकर येतो, आम्ही म्हणालों, “अरे, गाडी येतांना दिसली नाहीं का तुला?”

“गाडी दिसली की,” तो म्हणाला. “पण तुमचं तोंड दिसंना. नुसता आरसा दिसत व्हता.”

यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या शास्त्राच्या पुस्तकांत प्रकाश सरळ रेषेंत जातो असें एक वाक्य असतें. तें पाठ करून आम्ही परीक्षेंत गुणही मिळविले होते. पण ज्या रेषेनें आम्हांस तो मुलगा दिसावयाचा, त्याच रेषेनें त्याला आमचे डोळे दिसावयाचे. मध्यें आरसा आला तर दोघेही एकमेकांस आंधळे, हा त्याचा अर्थ आम्हांस त्या पोरानें सांगितला. रस्ता ओलांडतांना गाडीवानाचे डोळे दिसले नाहींत तर त्यालाही आपण दिसलों नसूं, असेंच तुम्ही धरून चाला.

घरीं आल्यावर पट्टी घेऊन बसलों. डोळ्यापासून आरसा ६० सेंटिमीटरांवर. त्याची लांबी २४ सेंटिमीटर, उंची ७. आमची मुलगी तेव्हां नववींत होती. समरूप त्रिकोणांचें प्रकरण नुकतेंच झालें असल्यानें हिशेब तिच्याकडेच दिला. २० मीटरांवर एका डोळ्याला ८ मीटर रुंदीचा भाग दिसेनासा होतो, असें तिनें काढलें. डोळे दोन असल्यामुळें एकाला न दिसणारें थोडेंसें दुसऱ्याला दिसतें. तें वजा घातलें तरी दोन्ही डोळ्यांआड जाणारा पट्टा सुमारें ६ मीटर रुंद आणि २ मीटरांहून जरा अधिक उंच उरतो. एवढ्या पडद्यामागें मुलगा, सायकल आणि किटल्या हीं सारीं सुखानें मावतात. तिचा विश्वास बसेना. म्हणून मोकळ्या पटांगणांत गाडी उभी केली, तिला चालकाच्या जागीं उशी देऊन आमच्या उंचीस आणलें, आणि धाकट्याला वीस पावलांवर चालावयास सांगितलें. “गेला!” ती ओरडली. थोड्या वेळानें, “आला!” त्या ‘गेला’ आणि ‘आला’च्या मध्यें तो सात-आठ पावलें चालला होता.

याहून वाईट गोष्ट तिच्या भावानें नकळत दाखविली. गाडी पुढें सरकत असेल आणि माणूसही बेताच्या चालीनें आडवा येत असेल, तर तो आरशाच्या आडून बाहेरच पडत नाहीं. गाडीबरोबर तो पडदाही त्याच्याबरोबर सरकत राहतो. पंचवीसच्या वेगानें गाडी सेकंदाला सात मीटर जाते. तीन सेकंद असे गेले कीं वीस मीटर संपतात.

ही युक्ति मुळांत कोणाच्या डोक्यांतून निघाली, हेंही मग आम्ही शोधलें. इंग्लंडांत डॉरोथी लेव्हिट या बाईंनीं १९०९ सालच्या आपल्या पुस्तकांत मोटार चालविणाऱ्या स्त्रियांना सल्ला दिला होता कीं, जवळ हातांतला आरसा ठेवावा आणि अधूनमधून तो वर धरून मागें पाहावें. पुढें १९११ सालीं अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें पांचशें मैलांची पहिली शर्यत झाली. इतर गाड्यांत मागें नजर ठेवावयास एक जोडीदार बसे. रे हॅरून मात्र एकटा बसला, त्यानें गाडीवर आरसा लावला आणि तो शर्यत जिंकला. विटांच्या त्या रस्त्यावर आरसा इतका थरथरत होता कीं त्यांत फारसें कांहीं दिसलेंच नाहीं, असें त्यानें मागाहून सांगितल्याचें प्रसिद्ध आहे. या कबुलीबद्दल आम्हांस त्याच्याविषयीं फार आदर वाटतो.

उपाय इतका सोपा निघाला कीं त्याचीच लाज वाटली. बैठकीच्या कडेला एक दांडी असते. ती आम्ही कधीं हलविलीच नव्हती. बैठक पार खालीं नेली, पाय पोंचतील इतपत मागें सरकविली. डोळे खालीं आले तसा आरसा आपोआप दृष्टीच्या वर गेला. पुढचें काम आरशाचें. आमच्या गाडींत त्याच्या दांड्याला दोन्ही टोकांस गोळीचे सांधे आहेत. दांडा खालच्या अंगाला झुकलेला होता. तो कांचेकडच्या सांध्यावर वर वळविला आणि दुसऱ्या सांध्यावर आरसा सरळ करून घेतला. तो आतां छताला भिडला आहे. ज्यांच्या गाडींत एकच सांधा असतो त्यांना हें जमत नाहीं. अशांनीं कांचेवर चिकटविलेली आरशाची बैठक जाणत्या कारागिराकडून वर चिकटवून घ्यावी. मात्र हे सारे उद्योग गाडी उभी असतांनाच करावे. आमच्यासारखे चालत्या गाडींत आरशाशीं झोंबणारे लोक थोडे नाहींत.

लाकडी आंबा मुलीनें आपल्या हातानें सोडला. कोणी सांगितलें नव्हतें. तो आतां तिच्या टेबलावर आहे.

एक गोष्ट मात्र गेली. आरशांत आतां मागची कांच आणि मागचा रस्ता दिसतो. मुलें दिसत नाहींत. पहिले कांहीं दिवस त्यांचा आवाज बंद झाला कीं आमचा हात वर जाई आणि अर्ध्यावरून परत येई. आतां झोपण्यापूर्वीं “आम्ही झोपतो हं, बाबा,” असें धाकटा सांगून टाकतो.

त्या घाटानें आम्ही त्यानंतर पुष्कळदां गेलों. एकदां तोच मुलगा दिसला. सायकल तीच, किटल्या त्याच. तो वरच्या वळणावर असतांनाच आम्हांस दिसला, आणि त्यानेंही आमच्याकडे निरखून पाहिलें. ओळख पटली कीं नाहीं कोण जाणे. तो थांबला, आम्हीही थांबलों. मग तो ओलांडून गेला.

सौभाग्यवतींनीं आरशाला आतां हात लावणें सोडलें आहे. त्यांनाही तो तेथें चालतो. परवां आम्ही गाडींत बसलों तों आरसा जागच्या जागीं होता. बैठक मात्र पार वर आणि पुढें. आमचे गुडघे स्टिअरिंगवर आपटले. आम्ही मुकाट्यानें दांडी ओढली आणि बैठक खालीं नेली.