घराचे डॉक्टर

आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचा रक्तदाब शेवटचा केव्हा मोजला, हे आपणांस या क्षणी सांगता येईल काय? २०१७ सालच्या डिसेंबरात एका तरुण डॉक्टरांनी हाच प्रश्न मला विचारला आणि मी निरुत्तर झाले. माझे यजमान शेजारच्या खाटेवर निजले होते. सकाळी दाढी करताना त्यांच्या उजव्या हातातून ब्रश गळून पडला, जीभ जड झाली. झटका सौम्य होता आणि तासाभरात आम्ही रुग्णालय गाठले, म्हणून निभावले.

यजमानांची नोकरी बँकेतील, म्हणजे बदल्या ठरलेल्या. इंदूर, हैदराबाद, मग बडोदे. नव्या गावी गेल्यावर शाळा कोणती चांगली, दूधवाला कोण, किराणा कोठे मिळतो याची चौकशी पहिल्याच आठवड्यात होई. डॉक्टरांचे मात्र "लागतील तेव्हा पाहू". कान दुखला की कानाचे, गुडघा दुखला की हाडांचे. सोलापूरला माझ्या माहेरी असे नव्हते. तेथे एकच डॉक्टर होते. माझ्या आजीचा दमा, भावाचा विषमज्वर, आईची बाळंतपणे, सारे त्यांना तोंडपाठ. पण ती जुन्या काळची गोष्ट, आता मोठ्या शहरांत मोठे तज्ज्ञ असतात, असे मी समजून चालले होते.

घरी परतल्यावर कागदांचा गठ्ठा सोडला. त्यात दोन वर्षांपूर्वीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा कागद निघाला. कोपऱ्यात लिहिले होते: रक्तदाब १७०/१००, फिजिशियनना दाखवावे. आम्ही तो कागद जपून ठेवला होता, वाचला नव्हता. डोळ्याच्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. त्यांनी आपले काम चोख केले. तो आकडा ज्या माणसासाठी लिहिला होता, तो माणूसच आमच्या आयुष्यात नव्हता.

दवाखान्यात मोजलेला दाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, तर तो वाढलेला समजतात. बहुधा तो दुखत नाही, खुपत नाही, चक्करही आणीत नाही. "मला काही होत नाही" हे यजमानांचे आवडते वाक्य होते, आणि ते अक्षरशः खरे होते!

मग आम्ही डॉक्टर शोधू लागलो. नावाजलेले नकोत, जवळचे हवेत, एवढे मी ठरवले. पायी दहा मिनिटांच्या आत तीन दवाखाने होते. एके ठिकाणी तापाच्या प्रत्येक रुग्णाला इंजेक्शन मिळताना पाहिले. तेथून उठून आले. तिसऱ्या दवाखान्यातील डॉक्टरबाई चाळिशीच्या. चिठ्ठीवर पदवी व नोंदणी क्रमांक छापलेला, औषधांची नावे सुवाच्य अक्षरांत. त्यांनी यजमानांना पाच मिनिटे स्वस्थ बसवले, पाठ टेकवली, हात टेबलावर ठेवला, बोलू दिले नाही, आणि मग दाब मोजला. अर्धा तास आधी चहा घेतला होता काय, हेही विचारले. नंतर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बेन, यांचे वडील कशाने गेले?"

माझे सासरे अठ्ठावन्नाव्या वर्षी लकव्याने गेले. इतक्या वर्षांत, इतक्या तज्ज्ञांपैकी, हे कोणीही विचारले नव्हते. आणि आम्हीही होऊन कधी सांगितले नव्हते.

त्यांचा आणखी एक गुण मला पुढे कळला. यजमानांच्या पायाला मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा "हे माझ्या आवाक्यातील नाही" असे त्या सरळ म्हणाल्या. कोणाकडे जायचे ते सांगितले, आणि तेथील कागद घेऊन पुन्हा आपल्याकडे यायला लावले. जो डॉक्टर कोणाकडेच पाठवीत नाही, आणि जो प्रत्येक तक्रारीला दुसरीकडेच पाठवतो, त्या दोघांपासूनही आपण सावध असावे, असे माझे मत झाले आहे.

त्यांच्या सांगण्यावरून मी शंभर पानी वही घातली. प्रत्येकाला काही पाने: वजन, दाब, साखर, चष्म्याचा नंबर, लसींच्या तारखा. दर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती साखरेची तपासणीही त्यात असते. लोणच्याचा उल्लेख वहीत नाही, पण वाद त्यावरूनच अधिक होतात. दिवसाला एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. त्यात पापड, फरसाण, लोणचे सारे आले. गुजरातेत राहून फरसाण सोडणे काय असते, ते तेथे राहिलेल्यासच कळेल!

वहीतील शेवटची पाने मुलाची. तो पुण्यास असतो. आजोबा व वडील दोघांचा इतिहास पाहून डॉक्टरबाईंनी त्याचा दाब पाहण्यास बजावले, तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. "मला काय धाड भरली आहे?" असे दोन दिवाळ्या म्हणत राहिला. खाजगी दवाखान्याला वेळ नाही, ही त्याची सबब. तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांचा रक्तदाब व साखर सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य तपासतात. तोंडाच्या आणि स्त्रियांच्या स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणीही तेथे होते. सूनबाई स्वतःच्या तपासणीसाठी निघाली आणि त्याला बरोबर ओढून घेऊन गेली. तिचे सर्व ठीक निघाले. त्याचा दाब १५२/९८ भरला. आठवड्याने पुन्हा मोजला, तरी तेवढाच.

आता घराजवळच त्याने एक डॉक्टर धरले आहेत. रविवारी दूरध्वनी येतो, तेव्हा तो आधी आकडा सांगतो, मी वहीत उतरून घेते, आणि मग नातीला बोलावयास देतो.