मुरगावच्या खाडीतले जहाज

गोव्याला जाऊन आलेल्या कुटुंबाच्या अल्बममध्ये दोना पावलाचा एक तरी फोटो असतोच. १९८१ मध्ये 'एक दूजे के लिए' आला आणि हे ठिकाण घरोघरी पोहोचले. लोक येतात, शहाळे पितात, फोटो काढतात आणि पुढच्या 'पॉइंट'कडे निघतात. पण इथे पाच मिनिटे जास्त थांबावे. समोर झुआरी नदीचे रुंद मुख आहे. पलीकडच्या तीरावर मुरगाव बंदराच्या क्रेन दिसतात. डावीकडे नजर वळवली की नारळीच्या रांगांमागे बांबोळीचा किनारा. १८ डिसेंबर १९६१ रोजी भर दुपारी या एवढ्याशा पाण्यात दोन देशांच्या आरमारांची लढाई झाली होती, हे किती जणांना ठाऊक असते?

आम्ही रायपूरची माणसे. आमच्या तेलीबांध्याच्या तलावाकाठच्या रस्त्याला शहरातले लोक हौसेने 'मरीन ड्राइव्ह' म्हणतात. संध्याकाळी तिथे मुलांना फिरवून आणले की आमची समुद्राची हौस भागते. त्यामुळे खऱ्या समुद्राकाठी गेलो की प्रत्येक जहाजाची चौकशी करण्याची आम्हाला खोड. या चौकशीतच एका जहाजाची कहाणी हाती लागली. त्याचे नाव 'अफोन्सो द अल्बुकर्क'.

नाव मोठे, नशीब विचित्र

ज्या अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा जिंकला, त्याचेच नाव पोर्तुगालने या युद्धनौकेला दिले होते. इंग्लंडमधल्या कारखान्यात बांधलेले हे जहाज १९३४ मध्ये पाण्यात उतरले. त्यावर १२० मिलिमीटरच्या चार तोफा होत्या. दूरदूरच्या वसाहतींवर नजर ठेवणे हे त्याचे काम.

पण पहिला भडका उडाला तो थेट राजधानीत. तेव्हा पोर्तुगालवर सालाझारची हुकूमशाही होती आणि शेजारच्या स्पेनमध्ये यादवी पेटली होती. ८ सप्टेंबर १९३६ रोजी लिस्बनमध्ये या जहाजावरच्या आणि 'दाओ' नावाच्या विनाशिकेवरच्या खलाशांनी बंड केले. स्पेनच्या प्रजासत्ताकाला जाऊन मिळण्याचा त्यांचा बेत होता. सालाझारने किनाऱ्यावरच्या किल्ल्यांतून आपल्याच जहाजांवर तोफा डागल्या. बंड फसले. पकडलेल्या अनेकांची रवानगी केप व्हर्द बेटांवरच्या ताराफाल येथील कुप्रसिद्ध छावणीत झाली.

पुढे याच जहाजाच्या हातून पुण्याचे कामही घडले. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीने 'नोव्हा स्कोशिया' हे ब्रिटिश जहाज बुडवले. गंमत अशी, की जहाजावर बहुतेक माणसे जर्मनीच्या दोस्तांची, म्हणजे इटालियन कैद्यांची होती. पोर्तुगाल युद्धात तटस्थ होता, म्हणून मदतीसाठी 'अफोन्सो'ला धाडण्यात आले. शार्क माशांनी भरलेल्या त्या समुद्रातून त्याने सुमारे १९० जणांना बाहेर काढले. साडेआठशेहून अधिक माणसे मात्र गेली. १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करल्यावर तिमोर बेटावर पुन्हा पोर्तुगीज अंमल बसवायलाही हेच जहाज गेले.

शेवटची दुपार

डिसेंबर १९६१ उजाडला तेव्हा गोव्याच्या रक्षणाला हे एकच मोठे जहाज उरले होते. समोर भारतीय नौदलाच्या नव्या, वेगाने तोफा डागणाऱ्या युद्धनौका होत्या. १८ तारखेच्या सकाळी भारतीय विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उडवले. लिस्बनशी बोलायचे ते आता या जहाजाच्या यंत्रावरूनच.

दुपारी बाराच्या सुमारास 'बेतवा' आणि 'बियास' या आपल्या युद्धनौका मुरगावच्या तोंडाशी आल्या. त्यांनी शरण येण्याचा इशारा दिला आणि मग तोफा सुरू झाल्या. कप्तान अंतोनियो द कुन्या अरागाव गंभीर जखमी झाला. तरी जहाज काही काळ लढत राहिले. अखेर खलाशांनी ते बांबोळीजवळ किनाऱ्याच्या उथळ पाण्यात नेऊन रुतवले आणि लढाई संपली.

त्याच दिवशी दीवजवळ 'वेगा' ही पोर्तुगीजांची चिमुकली गस्ती नौका आपल्या विमानांनी बुडवली. तिचा तरुण कप्तान ओलिव्हेरा इ कार्मो तिथेच पडला. आपल्यालाही मोल द्यावे लागले. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर उतरताना भारतीय नौदलाचे सात जवान कामी आले.

सालाझारचा हुकूम होता, जिंकलेले किंवा मेलेले सैनिकच त्याला हवे होते. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा याने तो मानला नाही. १९ डिसेंबरला त्याने शरणागती पत्करली आणि गोवा अनर्थातून वाचला. मायदेशी परतल्यावर त्याला सैन्यातून बडतर्फ करण्यात आले. सालाझारची राजवट १९७४ मध्ये कोसळल्यावरच त्याचा मान परत मिळाला. १९३६ मध्ये ज्या हुकूमशहाविरुद्ध या जहाजावरच्या खलाशांनी बंड केले, त्याच्याच हट्टापायी २५ वर्षांनी त्याच जहाजावरची दुसरी पोरे मरणाच्या दारात उभी केली गेली. गोवा मुक्त झाला याचा आनंद आपल्याला आहेच; पण लोखंडी जहाजात माणसेच असतात, हेही विसरू नये.

रुतलेले जहाज पुढे ओढून मुंबईला नेले आणि १९६३ मध्ये भंगारात काढले. ज्याच्या नावाने गोव्यातले पोर्तुगीज राज्य सुरू झाले, त्याच नावाच्या जहाजाबरोबर ४५१ वर्षांनी ते संपले.

जाल तेव्हा

दोना पावला पणजीपासून सात-आठ किलोमीटरवर आहे. तिथून बांबोळीचा लहानसा, शांत किनारा जवळच. झुआरीचा पूल ओलांडून वास्कोला जा. सडा भागातल्या जपानी बागेतून बंदराचे तोंड आणि उघडा समुद्र छान दिसतो. मुले बरोबर असतील तर बोगमाळोच्या वाटेवरचे नौदलाचे विमान संग्रहालय चुकवू नका. तिथे जुनी 'सी हॉक' आणि 'अलिझे' विमाने उघड्यावर उभी आहेत. 'विक्रांत'वर पूर्वी अशीच विमाने असत.

आणि दोना पावलाला फोटो काढून झाल्यावर मुलांना डावीकडचा तो बांबोळीचा किनारा जरूर दाखवा.