वीतभर अंतर

बोलीच्या अभ्यासाची मदार कानावर असते असे आपण म्हणतो. पण हल्ली अभ्यासकाच्या कानाआधी यंत्राचा कान येतो. वाशीम जिल्ह्यातील मालेगावात आणि आसपासच्या खेड्यांत वृद्ध स्त्रियांच्या ओव्या व आठवणी ध्वनिमुद्रित करताना आमच्याजवळ तळहाताएवढा रेकॉर्डर आणि त्यातच बसवलेला मायक्रोफोन, एवढेच साधन असते. या साधनाला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र त्याचा स्वभाव ओळखावा लागतो.

माणूस निवडून ऐकतो. पंख्याची घरघर, रस्त्यावरचे ट्रक, चुलीपाशी पडलेले भांडे हे सारे बाजूला सारून आपण समोरच्या आजींचे बोलणे उचलतो. यंत्राला ही निवड करता येत नाही. शिवाय आवाजाची पातळी आपोआप राखण्याची सोय चालू असली, तर आजी क्षणभर थांबताच यंत्र उत्सुकतेने पंख्याचीच घरघर वाढवून ठेवते.

यात बिघडते काय? वऱ्हाडीत 'मला'चे 'मले' होते, 'डोळा'चा 'डोया' होतो. ध्वनिमुद्रण गढूळ असेल तर महिन्यांनी ते ऐकून उतरवून घेणारा विद्यार्थी 'डोया' ऐकत नाही. त्याला 'डोळा' ठाऊक असतो, म्हणून तो 'डोळा'च लिहितो. संशयाचा फायदा दर वेळी प्रमाणभाषेला मिळतो. बोलणारीचा शब्द तिच्याच नावावर बदलला जातो आणि त्याची कुठे नोंदही राहत नाही. आमच्या मते स्पष्ट ध्वनिमुद्रणाचा प्रश्न येथे तांत्रिक राहत नाही.

उपाय साधे आहेत. पहिला अंतराचा. बोलणारीपासूनचे अंतर निम्मे केले की तिचा थेट आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो, भोवतालचा गोंगाट मात्र होता तेवढाच राहतो. म्हणून रेकॉर्डर तोंडापासून वीतभर अंतरावर, पण थोडा तिरका ठेवावा. समोर धरला तर 'प' आणि 'फ' उच्चारताना सुटणारा श्वास थेट मायक्रोफोनवर आदळतो. दुसरा उपाय, तो हातात धरू नये. बोटांची हालचाल यंत्राच्या अंगातूनच मायक्रोफोनपर्यंत पोहोचते. घडी घातलेल्या गोधडीवर तो निश्चल राहतो. उघड्या फरशीच्या, पत्र्याच्या खोलीपेक्षा धान्याची पोती व अंथरुणे असलेली खोली बरी, कारण तेथे आवाज घुमत नाही. तिसरा, जागा वाचवण्यासाठी हलक्या प्रतीचे मुद्रण करू नये. सेकंदाला ८,००० नमुने घेणाऱ्या मुद्रणात ४,००० हर्ट्झपलीकडचे काही उरत नाही, आणि 'स'सारख्या वर्णाची ओळख बरीचशी त्याच्या पलीकडे असते. ४४,१०० नमुन्यांचे, १६ बिटांचे, एकपदरी वेव्ह मुद्रण मिनिटाला जेमतेम पाच मेगाबाइट जागा घेते.

सर्वांत अवघड उपाय पंख्याचा. वैशाखात परक्या घरी, सत्तरी ओलांडलेल्या बाईला "आजी, पंखा जरा बंद करू का?" असे विचारायला जीभ रेटत नाही. एका आजींनी आमचा संकोच ओळखला. म्हणाल्या, "करा ना बाप्पा, उन्हाया का मले नवा हाये?" पंखा थांबला होता म्हणूनच तो 'उन्हाया' आज निःसंशय ऐकू येतो.

अर्थात प्रत्येक आवाज म्हणजे गोंगाट नव्हे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह उभा राहिला, आणि २०१७ पासून तो 'पारी'च्या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने येऊ लागला. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याशी बांधलेली असते. तेथे घरघर पुसून काढली तर ओवीचा ठेकाच जाईल. म्हणून जात्यावर गाणारी असेल तेव्हा रेकॉर्डर तिच्या तोंडाच्या बाजूला, जात्यापासून जरा दूर, पण त्याच खोलीत ठेवावा, आणि मुद्रणानंतर त्याच ओव्या जात्याशिवाय पुन्हा एकदा म्हणून घ्याव्यात. एका मुद्रणात लय राहते, दुसऱ्यात शब्द. उतरवून घेणाऱ्याच्या हाती दोन्ही द्यावीत.