चांदणीतला पैलवान

परवा शेजारच्या घरातून मैद्याची खळ शिजल्याचा वास आला. पोराला शाळेसाठी काहीतरी चिकटवायचं होतं म्हणे. मी करंज्यांचा रवा-मैदा भिजवत होते. तो तसाच झाकला आणि उगाच गॅलरीत जाऊन उभी राहिले. आमच्या गॅलरीत हल्ली सुनेनं मागवलेली प्लॅस्टिकची घडीची चांदणी लागते. माझं तिच्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणजे आहे, पण घरात बोलत नाही.

पप्पांची चांदणी बुरूड गल्लीतल्या कामट्यांची. सारख्या लांबीच्या दहा कामट्या तासायच्या, पाच-पाचांच्या दोन चांदण्या बांधायच्या, एकीवर एक ठेवून पाची टोकं दोऱ्यानं आवळायची. मग आतल्या पाच कोपऱ्यांत बोटभर काड्यांचे टेकू घालायचे. शेवटचा टेकू बसला की इतका वेळ चपटं पडलेलं ते प्रकरण एकदम अंग धरायचं. कागद पतंगाचा, लाल आणि पांढरा. दिवाळी उलटल्यावर दुकानदार उरलेला कागद स्वस्तात देई, म्हणून पप्पा तोवर थांबत. आमचा नाताळ असा दिवाळीच्या मागच्या दारानंच घरात यायचा. भिंतींना तोच चुना, डब्यांत तोच फराळ आणि चांदणी टांगायला शेजारच्या आबांची तीच शिडी.

आमच्याकडे ख्रिस्त घेऊन आलेल्यांना ही सजावट कितपत रुचली असती, मला शंकाच आहे. १८५२ मध्ये कोल्हापुरात मिशन सुरू करणारे रॉयल वायल्डर अमेरिकेतल्या व्हर्माँटचे, म्हणजे न्यू इंग्लंडातले. त्याच मुलखातल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. सणाला बायबलात आधार नाही, असं तिथल्या प्युरिटन मंडळींचं म्हणणं. कायदा गेला तरी ती अढी पुढं कितीतरी वर्षं टिकली. वायल्डरांचा मुलगा रॉबर्ट मात्र १८६३ मध्ये इथंच, कोल्हापुरात जन्मला. शेजारच्या दिवाळीचे दिवे त्या पोरानं पाहिलेच असणार. असो.

मला सांगायचंय ते उंदराचं. खळीत मोरचूद घातला की तिला झुरळं-उंदीर लागत नाहीत. पण मोरचूद म्हणजे विष, आणि आईनं बजावलं होतं, "माझ्या पातेल्यात ते निळं काही घालायचं नाही." त्या वर्षी खळ तशीच शिजली. चोवीस तारखेला सकाळी बघतो तर खालच्या एका टोकाचा कागद खळीसकट फस्त. कागद आणायला बाजारात जावं तर घरात चुन्याच्या बादल्या, अंगणात सगळं सामान, आणि रात्री गाणारी मंडळी येणार. पप्पांनी हाताला लागलं ते 'पुढारी'चं पान कापलं आणि त्या टोकावर बसवलं.

रात्री आत बल्ब लागला आणि टोकातून खासबाग मैदानातला पैलवान उजळून निघाला. शड्डू ठोकणारा. पाठच्या बाजूची बातमी त्याच्या छातीवर उलटी उमटलेली, त्यात उसाचा दर. पेटी, ढोलकी, टाळ घेऊन मंडळी आली, रेव्हरंड टिळकांचं भजन सुरू झालं आणि दुसऱ्याच कडव्याला पोरं फुटली. मंडळीतले एक वडील गंभीरपणे म्हणाले, "मास्तर, बेथलेहेमच्या ताऱ्यात पैलवान?"

पप्पा म्हणाले, "मागी लोकांजवळ सोनं होतं. रात्रीचा प्रवास. सोबतीला कुणी नको?"

त्या वडिलांनी हा किस्सा पुढं कितीतरी नाताळांत, लग्नांत, एकदा तर मयतीनंतरच्या चहालाही सांगितला. दर वेळी पप्पांचं उत्तर तेवढं गाळून. ते आता नाहीत. तरी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. दर रविवारी त्यांच्याच शेजारच्या बाकावर बसून क्षमेवरचे उपदेश ऐकत आले, तरीही.

आबांना मात्र ती चांदणी भलतीच आवडली. तालमीतला जुना माणूस. रोज संध्याकाळी सायकल थांबवून वर बघायचे आणि म्हणायचे, "पट्ठ्या पडला नाही अजून!" जानेवारीत चांदणी उतरवली तेव्हा ते तक्रार घेऊन दारात हजर. येत्या दिवाळीला तालमीसाठी कंदील करा, पण गदेचा, असं त्यांनी पप्पांकडून कबूल करून घेतलं.

पप्पांनी केलाही. माणसाच्या उंचीचा, आणि गदेपेक्षा दुधी भोपळ्यासारखा जास्त दिसणारा. तालमीतली पोरं तो खांद्यावरून वाजतगाजत घेऊन गेली. चांदणीला आमच्या घरात कुणाला हात लावू न देणारे पप्पा त्या कंदिलासाठी आठवडाभर तालमीत बसून चार पोरांना कामट्या तासायला शिकवत होते. मला याचा तेव्हा रागच आला होता. मजुरी कसली घेणार? आबांनी गुऱ्हाळावरून गुळाची भलीमोठी ढेप आणून ओट्यावर ठेवली. मुंग्यांच्या भीतीनं आईला ती संपवायची घाई. म्हणून त्या नाताळात तिनं सारण पहिल्यांदाच साखरेऐवजी गुळाचं केलं, आणि निम्म्या करंज्या तेलात फुटल्या.